स्टेपनी नवीकोरी दिसते, पण ती वेळेला चालेल का? कोकणात गाडी घेऊन जाणाऱ्यांनी वाचावं असं काही

गणपतीच्या आदल्या दिवसाची रात्र. मुंबईहून निघालेली गाडी बारा-तेरा तासांनी कसालला हायवे सोडून मालवणच्या रस्त्याला लागलेली. डिकीत मखराचं सामान, मागच्या सीटवर पेंगुळलेली पोरं आणि बाहेर धो धो पाऊस. कट्ट्याच्या अलीकडे खड्ड्यात चाक आपटतं आणि स्टेअरिंग एका बाजूला ओढू लागतं. पंक्चर.

मग ठरलेला कार्यक्रम. सामान उतरवायचं, मॅट उचलायची, स्टेपनी बाहेर काढायची. चाक पाहून सगळ्यांना हायसं वाटतं, कारण टायर अगदी नवाकोरा दिसतो. नक्षी शाबूत आणि वर ते रबराचे बारीक केसही तसेच. चाक बसतं, नट आवळले जातात, जॅक खाली येतो आणि गाडीचं वजन पडल्याबरोबर नवाकोरा टायर जमिनीला चिकटून बसतो. आत हवाच नाही. तेवढ्यात मागून येणारा रिक्षावाला थांबून विचारतो, "स्टेपनीत हवा आसा मां?"

असा प्रसंग दरवर्षी कुणा ना कुणावर येतो आणि तो सांगताना लोक हसतातही. पण यातला कमी धोक्याचा प्रकार हाच आहे, कारण हवा नसलेली स्टेपनी निदान दिसते तरी. अर्धवट हवा असलेली, आठ-दहा वर्षं डिकीत पडून असलेली, वरून ठणठणीत दिसणारी स्टेपनी लावून माणूस जेव्हा चार जणांसह फोंडा घाट चढतो किंवा हायवेला ऐंशी-नव्वदने गाडी काढतो, तेव्हा खरी जोखीम सुरू होते.

आधी हे नाव कुठून आलं?

आपण "स्टेपनी" इतक्या सहज म्हणतो की हा शब्द सगळ्या जगात चालत असेल असं वाटतं. पण इंग्लंड-अमेरिकेत हा शब्द आज फारसा कुणाला कळत नाही. त्याचा उगम वेल्समधल्या लॅनेली नावाच्या गावात आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर सोडवायचा, ठिगळ लावायचं आणि पुन्हा चढवायचा. १९०४ च्या सुमारास लॅनेलीच्या टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी यावर तोड काढली. आरे नसलेली एक रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि ही रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडीने अडकवायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून चाकाचं नावही स्टेपनी पडलं. ब्रिटिश साम्राज्यात ही चाकं भरपूर विकली गेली. पुढे मोटारींना पाचवं चाक कंपनीकडूनच मिळू लागलं आणि मूळ स्टेपनी मागे पडली, पण शब्द मात्र भारतात, बांगलादेशात आणि माल्टात टिकून राहिला. ब्राझीलमध्ये जादा चाकाला "इस्तेपी" म्हणतात, तोही याच घराण्यातला.

मूळ कल्पनेत एक गोष्ट गृहीत होती. जादा चाकात हवा कायम भरलेली असणार. आज चाक सोबत असतं, पण हे गृहीत धरणं बरेचदा चुकतं.

न वापरताही हवा जाते कुठे?

टायरचं रबर म्हणजे काचेची बाटली नव्हे. आतल्या बाजूला हवा अडवणाऱ्या खास रबराचा थर असतो, पण त्यातूनही हवेचे कण हळूहळू बाहेर झिरपत राहतात. गाडी चालो वा न चालो. टायरच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की महिन्याला साधारण १ पीएसआय हवा कमी होते. पीएसआय म्हणजे पंपावर हवा भरताना आपण "तेहतीस मार", "पस्तीस मार" म्हणतो तो आकडा. या हिशेबाने ३३ भरलेली स्टेपनी वर्षभर पाहिलीच नाही, तर ती २१-२२ वर येते. दोन वर्षांनी ती नावापुरती उरते.

टायर आणि रिम चांगल्या स्थितीत असतील तर गळती याहून कमीही असते. अमेरिकेतल्या "कन्झ्युमर रिपोर्ट्स" या ग्राहक संस्थेने ३० पीएसआय भरलेले टायर वर्षभर नुसते उघड्यावर ठेवून मोजले होते. साधी हवा भरलेले टायर सरासरी ३.५ पीएसआयने उतरले आणि नायट्रोजन भरलेले २.२ ने. म्हणजे नुसत्या रबरातून होणारी गळती थोडी असते. बाकीची हवा जाते ती टायर आणि रिम जिथे एकमेकांना चिकटतात त्या कडेतून आणि व्हॉल्व्हमधून. इथेच मालवणचा किनारा चित्रात येतो.

बहुतेक गाड्यांच्या चार चाकांना अलॉय असलं, तरी स्टेपनीला साधी लोखंडी रिम असते. समुद्राच्या खारट, दमट हवेत लोखंडाचं काय होतं हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, स्कूटरचा स्टँड, सगळ्यांवर तीच गंजाची खपली. रिमच्या कडेला गंजाचे पापुद्रे आले की टायर तिथे घट्ट बसत नाही आणि त्या फटीतून हवा निघत राहते. व्हॉल्व्हच्या आतल्या पिनचंही तेच. वरची प्लॅस्टिकची टोपी हरवली असेल तर खारट ओल थेट पिनपर्यंत जाते. दोन-पाच रुपयांची ती टोपी म्हणजे शोभेची वस्तू नाही.

आता डिकीत आपण काय काय ठेवतो ते आठवून पाहा. मालवणच्या बाजारातून घेतलेल्या सुरमईची बर्फात घातलेली पिशवी किंवा थर्माकोलचा खोका. तारकर्लीला पोहून आल्यावर टाकलेले ओले कपडे. स्कुबा डायव्हिंगच्या व्यवसायातल्या गाड्यांत तर रोजच खारं पाणी ठिबकणारं सामान. बर्फाचं आणि समुद्राचं हे पाणी मॅटखाली जातं आणि डिकीतल्या सर्वांत खोल जागी साचतं. ती जागा म्हणजे स्टेपनीचा खळगा. कित्येक गाड्यांत त्या खळग्याच्या तळाला रबरी बूच असतं, ते काढलं की पाणी निघून जातं. पण त्यासाठी आधी मॅट उचलावी लागते, आणि मॅट उचलली जाते ती पंक्चर झाल्यावरच.

अर्टिगा, इनोव्हा यांसारख्या गाड्यांत स्टेपनी बाहेरून, गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. तिच्यावर पावसाळाभर लाल चिखलाचा मारा होतो. तिथे टायरपेक्षा टायर खाली सोडणारी यंत्रणा आधी दगा देते. गंजून साखळी किंवा तार अडकली की हवा असलेली चांगली स्टेपनीसुद्धा हाताला लागत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, ती खाली घेऊन धुवावी आणि फिरत्या भागाला ग्रीस लावावं. बोलेरो किंवा थारसारख्या गाडीत ती मागच्या दाराला असते. तिथे चिखल कमी, पण ऊन जास्त.

"पण ती वापरलेलीच नाही ना!"

स्टेपनीबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज हाच. टायर झिजला की जुना आणि झिजला नाही की नवा, असं आपण धरून चालतो. झीज डोळ्यांना दिसते म्हणून नियमही तिच्यावरच आहे. मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. पण रबर झिजण्याशिवाय आणखी एका मार्गाने म्हातारं होतं, आणि त्यासाठी रस्त्यावर जावं लागत नाही.

रबराचा शत्रू आहे प्राणवायू. हवेतला प्राणवायू रबराच्या लांबलचक साखळ्यांशी रासायनिक क्रिया करत राहतो, त्यामुळे रबर कडक आणि ठिसूळ होत जातं. गंमत अशी की ही क्रिया बाहेरून होते तशी आतूनही होते. भरलेल्या टायरच्या आत दाबाखाली हवा कोंडलेली असते आणि ती टायरच्या अंगातून सतत बाहेर झिरपत असते. पोलादी तारांच्या पट्ट्या रबराला जिथे चिकटलेल्या असतात, त्या आतल्या भागापर्यंत हा प्राणवायू पोहोचतो. तिथली पकड सैल झाली की धावत्या टायरची वरची साल आतल्या पट्ट्यांपासून सुटते. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

या क्रियेचा वेग उष्णतेवर अवलंबून असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हा नियम रबरालाही लागू पडतो. उन्हात बंद करून ठेवलेली गाडी आतून किती तापते, हे एप्रिलमध्ये स्टेअरिंगला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मालवणला विदर्भासारखा उन्हाचा कडाका नसतो, हे खरं. पण रबराला विश्रांती देणारी थंडीही इथे जवळपास नसते. त्यामुळे म्हातारपणाचं घड्याळ बारा महिने एकाच चालीने पुढे जात राहतं.

यात आणखी एक बारकावा आहे. टायर बनवताना रबरात मेणासारखे पदार्थ आणि प्राणवायू व ओझोनपासून बचाव करणारी रसायनं मिसळतात. चाक फिरताना टायर दबतो, वाकतो, त्यामुळे ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि रबराला संरक्षक थर मिळत राहतो. पडून असलेल्या टायरला हा व्यायामच नसतो. म्हणून दारावर टांगलेल्या, कधीच न फिरलेल्या स्टेपनीच्या बाजूला केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. "वापरलं नाही म्हणून टिकलं" हा घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा न्याय रबराला लावता येत नाही.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये काय घडलं?

टायरच्या वयाची चर्चा जगात गांभीर्याने सुरू झाली ती अपघातांनंतरच. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीवरच्या या टायरांची साल धावताना सुटत होती आणि गाड्या उलटत होत्या. तक्रारी जास्त आल्या त्या ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांतून. फोर्डने या टायरांसाठी २६ पीएसआय दाब सांगितला होता, तर फायरस्टोनचं म्हणणं होतं की तो ३० हवा. दोष नेमका कुणाचा यावर दोन्ही कंपन्यांत मोठं भांडण झालं. पण कमी हवा, उष्ण हवामान आणि वेग हे तिन्ही एकत्र आले की टायरचं काय होतं, हे त्या प्रकरणाने जगाला दाखवलं.

त्यानंतर तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने टायरच्या वयावर संशोधन केलं. त्यात एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे होते. टायरबाबतच्या विमा दाव्यांपैकी ७७ टक्के दावे पाच उष्ण राज्यांतून आले होते, जिथे त्या कंपनीचे फक्त २७ टक्के ग्राहक राहत होते. आणि त्यातले ८४ टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने होते. याच यंत्रणेने २००८ मध्ये लोकांना सावध करताना क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाड्यांचा आणि स्टेपनीचा खास उल्लेख केला होता.

इंग्लंडमधली घटना जास्त चटका लावणारी आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस सरे परगण्यात हाइंडहेडजवळ झाडावर आदळली. दोन प्रवासी आणि चालक मरण पावले. पुढचा फुटलेला टायर साडेएकोणीस वर्षांचा निघाला, म्हणजे त्या बसपेक्षाही जुना. तेव्हा इतका जुना टायर वापरायला कायद्याची आडकाठी नव्हती. मेलेल्यांपैकी एका अठरा वर्षांच्या मुलाची आई पुढची कित्येक वर्षं त्यासाठी लढली. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर वापरण्यास बंदी आली.

"फास्ट अँड फ्युरियस" वाल्या पॉल वॉकरचा २०१३ मधला अपघातही या संदर्भात सांगितला जातो. त्या पोर्शेचे टायर नऊ वर्षांचे होते, असं तपासात नोंदलं गेलं. मात्र पोलिसांनी मुख्य कारण सांगितलं ते बेफाम वेग. जुन्या टायरमुळेच तो गेला, अशी पोस्ट दिसली तर ती अर्धीच खरी आहे.

आपल्याकडे टायरचा विषय घराघरांत पोहोचला तो समृद्धी महामार्गामुळे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, मोटारींना १२० ची वेगमर्यादा मिळाली आणि टायर फुटण्याच्या बातम्या येऊ लागल्या. मग प्रवेशाच्या ठिकाणी आरटीओचे लोक टायर तपासू लागले आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवू लागले. यात तपासली जातात ती रस्त्यावर टेकलेली चार चाकं. पाचवं डिकीतच असतं.

वय कसं ओळखायचं?

हे मात्र सोपं आहे, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूवर "डीओटी" या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो. त्याच्या शेवटी चार आकडे असतात, बऱ्याचदा लंबगोल चौकटीत. पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. एका बाजूला हे आकडे नसतील तर ते दुसऱ्या बाजूला असतात, त्यामुळे खळग्यात पालथी पडलेली स्टेपनी एकदा उलटून पाहावी लागते. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाआधीचा आहे. तो संग्रहालयात शोभेल, गाडीला नाही.

किती वय म्हणजे जास्त? कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. मिशेलिन, कॉन्टिनेंटल यांसारख्या टायर कंपन्या दहा वर्षं ही कमाल मर्यादा धरतात आणि त्यात स्टेपनीही आली. टायर दिसायला कितीही चांगला असो. पाच वर्षांनंतर जाणकाराकडून दरवर्षी तपासून घ्यावा, असं मिशेलिनचं सांगणं आहे. मालवण-वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यावर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची दारावरची स्टेपनी असेल तर सहाचा आकडा धरणं शहाणपणाचं. डिकीत, सावलीत, कोरडी राहिलेली असेल तर सहा ते दहाच्या मधली वर्षं "गावातल्या गावात पंक्चरच्या दुकानापर्यंत" एवढ्या कामाची समजावीत. दहाच्या पुढे तीही नाहीत.

सेकंड हँड गाडी घेताना ही युक्ती आणखी उपयोगी पडते. विकणारा चार टायर नवे टाकून देतो, पण स्टेपनी बहुधा कंपनीतून आलेलीच राहते. तिच्यावरची तारीख पाहिली की गाडीचं खरं वयही कळतं.

हवा किती भरायची?

चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचा दाब दिलेला असतो, कमी वजनाला वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीला वेगळा. स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच मापाची असेल तर तिच्यात या स्टिकरवरचा सर्वांत मोठा आकडा भरून ठेवावा, आणि वर दोन-तीन पीएसआय जास्त. कारण व्यवहाराचं आहे. जास्त झालेली हवा रस्त्याच्या कडेला नखानेही सोडता येते, पण कमी पडलेली हवा रात्री अकरा वाजता आचऱ्याच्या रस्त्यावर आणायची कुठून? टायरच्या बाजूवर "कमाल" म्हणून जो आकडा छापलेला असतो तो मात्र भरण्याचा आकडा नव्हे. ती ओलांडू नये अशी हद्द आहे.

बारीक, किरकोळ दिसणारी स्टेपनी असेल तर हिशेब बदलतो. तिच्या मापाच्या आधी "टी" हे अक्षर असेल, तर ती खरोखर तात्पुरती आणि तिला बहुधा ६० पीएसआय हवा लागते. पंपावरचा मुलगा सवयीने तिच्यातही तेहतीस मारतो आणि आपणही बघत नाही. अशा स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. आपल्याकडच्या काही गाड्यांत मात्र स्टेपनी नुसती थोडी लहान मापाची असते, "टी" नसते. तिचा दाब नेहमीसारखाच असतो. म्हणून अंदाज न करता तिच्या अंगावरचं आणि गाडीच्या पुस्तिकेतलं वाचावं. लहान मापाचं चाक पुढे लावून शेकडो किलोमीटर मुंबई गाठणं हा गाडीच्या डिफरन्शिअलवर अन्याय आहे. कणकवली किंवा कुडाळला थांबून मूळ टायर दुरुस्त करून घेणं कधीही स्वस्त.

दाब मोजायचा तो सकाळी, गाडी चालवण्याआधी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. भर दुपारी तापलेल्या डिकीतल्या स्टेपनीने ३३ दाखवलं तर पहाटे ती तीसच्या आतही असू शकते. डॅशबोर्डवर टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्यांनी निर्धास्त राहू नये, कारण ती बहुतेक गाड्यांत फक्त चार चाकांकडे पाहते.

कमी हवेने नेमकं बिघडतं काय? टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, बाजू जास्त वाकते आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. मे महिन्यात देवगडहून आंब्याच्या पेट्या, फणस, नारळ आणि पाच माणसं घेऊन निघालेल्या गाडीत टायरवर आधीच पूर्ण भार असतो. त्यात एक चाक वीस-बावीस पीएसआयचं आणि आठ वर्षांचं असेल, तर करूळ किंवा आंबोलीच्या घाटातून वर जाऊन पुढच्या मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर ते आतून तापत जातं. सैल पडलेल्या पट्ट्यांना सुटायला एवढं पुरतं.

नायट्रोजनचा प्रश्न दरवेळी येतोच. २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार राज्यसभेत बोलून दाखवला, तेव्हापासून जास्तच. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनने गळती थोडी कमी होते आणि आतून प्राणवायूचा त्रास कमी होतो, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या स्टेपनीसाठी तो वाईट नाही. पण "नायट्रोजन आहे, बघायची गरज नाही" हे खोटं आहे. आणि नायट्रोजनच्या टायरमध्ये अडीनडीला साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही.

नव्या गाडीत स्टेपनीच नसेल तर?

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमात बदल केला. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर मोटारीला स्टेपनी देण्याची सक्ती राहिली नाही. जागा वाचते, वजन कमी होतं, बॅटरीवरच्या गाड्यांना तर ते सोयीचंच. संचात चिकट द्रवाची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. खिळा घुसून पडलेल्या भोकाला हा उपाय चालतो. पण कोकणात टायर नेहमी खिळ्यानेच जातो असं नाही. रस्त्याच्या कडेला उघडा पडलेला जांभा, तुटलेल्या डांबराची धार, पाण्याने भरलेला खड्डा, यांनी टायरची बाजू फाटते आणि फाटलेल्या बाजूला कुठलाही द्रव बुजवू शकत नाही. शिवाय त्या बाटलीलाही मुदत असते, ती तिच्यावर छापलेली असते. अशी गाडी घेऊन वारंवार गावी जाणाऱ्यांनी त्याच मापाचं एक चाक वेगळं विकत घेऊन लांबच्या प्रवासात डिकीत टाकणं हा खर्चिक पण सरळ मार्ग आहे.

चाक बदलताना

कोकणातल्या पावसाळी मातीत जॅक सरळ आत रुततो. एक जाड लाकडी फळी गाडीत असावी. रस्त्याकडेला हाताशी येणारा जांभ्याचा चिरा चाकाला उटी म्हणून लावायला उत्तम, पण जॅकखाली ठेवू नये, कडेवर भार आला की तो फुटतो. चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनी नट पुन्हा एकदा आवळावेत. आणि व्हील पाना गाडीत आहे का, हे घरून निघतानाच पाहावं. तो शेजाऱ्याकडे गेलेला असतो.

चारही चाकांच्या मापाचीच स्टेपनी असेल तर तिला चाकांच्या फेरपालटात सामील करून घेणं सर्वांत चांगलं. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं बदलताना पाचवंही रस्त्यावर येतं, तिची हवा आपोआप तपासली जाते आणि पाचही टायर साधारण एकाच वेळी संपतात. दहा वर्षं डिकीत पडून, एकही किलोमीटर न धावता बाद होण्यापेक्षा हे बरं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र मेकॅनिकला विचारून.

बाद झालेल्या स्टेपनीचं काय करायचं, हाही प्रश्न उरतो. नक्षी शाबूत असल्यामुळे तिला गिऱ्हाईक लगेच मिळतं आणि चार-पाचशे रुपयांत ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला, पुढच्या चाकाला लागते. हाइंडहेडच्या त्या बसचा टायर असाच कुठून तरी फिरत आला होता. त्यापेक्षा सुरी घालून बाजू कापून टाकावी. मालवणच्या बंदरात होड्यांच्या कडेला धक्का सोसायला जुने टायर टांगलेले असतात. तिथे हवाही लागत नाही आणि कुणी तारीखही विचारत नाही.